डॉइचलांड-तिकीट आणि फाल्त्सचे द्राक्षमळे : अकरा महिन्यांनंतर

फेब्रुवारी 2025 मध्ये हे तिकीट काढलं ते ऑफिसला जायला. आता जानेवारी 2026 संपत आलाय, आणि ऑफिसपेक्षा द्राक्षमळ्यांत जायलाच ते जास्त कामी आलं आहे. त्यामुळे हा अनुभव तिकिटाचाही आहे आणि फाल्त्सचाही, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या द्राक्षांच्या पट्ट्याचाही.

नव्याने जर्मनीत आलेल्यांसाठी थोडक्यात: महिन्याचं एकच तिकीट, त्यावर देशभरातल्या एस-बान (उपनगरी गाड्या), प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस चालतात. आयसी आणि आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या चालत नाहीत. मे 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि या जानेवारीपासून 63. मी मानहाइमला राहते. इथून एस-बानने साधारण अर्ध्या तासात नॉयश्टाट येतं, आणि नॉयश्टाटहून 'डॉइचे वाइनश्ट्रासे', म्हणजे जर्मनीचा वाइन-रस्ता, उत्तरेलाही जातो, दक्षिणेलाही. 1935 साली आखलेला हा 85 किलोमीटरचा रस्ता बोकेनहाइमपासून फ्रान्सच्या सीमेवरच्या श्वाइगेनपर्यंत जातो. पश्चिमेला हार्टची डोंगररांग आहे. ती पाऊस अडवते, म्हणून अलीकडची ही पट्टी कोरडी आणि उबदार. इथे बदाम होतो, अंजीर होतं.

बहुतेक जण फाल्त्स एका शनिवारात उरकतात. गाडी काढायची, ड्युर्कहाइमचं ते सतरा लाख लिटरचं लाकडी पिंप बघायचं (1934 साली बांधलं, आत वाइन नाही, हॉटेल आहे), फोटो काढायचे, परत. मला हे अजिबात पटत नाही. द्राक्षाची बाग एकदा बघून कळत नाही. मी निफाड तालुक्यातली. आमची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे आणि बागेचं वर्ष छाटणीने मोजायचं असतं हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. तिकिटाने माझ्यासाठी केलं ते हेच: गाडीभाड्याचा हिशेब संपला. रविवारी दुपारी दोन वाजता मनात आलं, निघाले, तीन तास चालले, सात वाजता घरी. त्या एका खेपेसाठी वेगळे पैसे मोजायचे असते तर मी वर्षातून चार वेळा गेले असते. प्रत्यक्षात तीसेक वेळा गेले, आणि त्यातल्या निम्म्या वेळा डाइडेसहाइमच्या एकाच वाटेवर.

पहिल्यांदा गेले तेव्हा नुसत्या काळ्या खोडांच्या ओळी होत्या. इथे मांडव नाही. तारांवर उभी भिंत करतात, आणि बहुतेक वेलांवर एक काडी ठेवून ती कमानीसारखी वाकवून खालच्या तारेला बांधतात. मार्चमध्ये पुन्हा गेले तर छाटलेल्या टोकांतून पाणी गळत होतं. थेंब टोकाशी जमायचा, उन्हात काचेसारखा चमकायचा, पडायचा, आणि तिथेच दुसरा. मी पंधरा मिनिटं एका काडीपाशी उभी होते.

मार्चमध्येच गिमेल्डिंगनला बदाम फुलतो. तिथल्या उत्सवाची तारीख बहर पाहूनच ठरवतात, त्यामुळे आधीपासून सुट्टी टाकून ठेवता येत नाही. गर्दी भयंकर असते. उत्सवाचा दिवस सोडून मधल्या वारी संध्याकाळी जा. गुलाबी झाडं तीच असतात आणि बसमध्ये बसायला जागा मिळते.

मे महिन्यात आई-बाबा आले. पाहुण्यांसाठी हे तिकीट दरवेळी फायद्याचं नाही. एखाद-दुसराच दिवस फिरायचं असेल तर पाच जणांपर्यंत चालणारं राइनलांड-फाल्त्स राज्याचं दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं. मी मात्र दोघांच्या नावाने महिन्याचंच काढलं. इथे एक चूक झाली. ही वर्गणी असते, आपोआप पुढे चालू राहते, आणि बंद करायची तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावं लागतं. आईचं कळवलं, बाबांचं राहिलं. जूनचे 58 युरो गेले. कॅलेंडरमध्ये 10 तारखेची आठवण लावून ठेवा.

बाबांना मी हाम्बाखचा किल्ला दाखवायला नेत होते. 27 मे 1832 ला वीस-तीस हजार माणसं काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन त्या डोंगरावर चढली होती, स्वातंत्र्य आणि एकसंध जर्मनी मागायला. किल्ल्यातलं प्रदर्शन खरंच वेळ काढून बघण्यासारखं आहे. पण बाबा वर पोचायच्या आधीच थांबले. एका ओळीत सत्तरीचे एक गृहस्थ फेलफुटी, म्हणजे खोडावरचे नको असलेले कोंब, काढत होते. बाबा ओळीच्या टोकाला उभे राहून बघत राहिले. मग मला म्हणाले, "अगं, यांना विचार, मी हात लावू का?" मी विचारलं. ते हसले, बाजूला सरकले. बाबांनी वाकून खोडावरची एक फूट अंगठ्याने दाबून मोडली, दुसरी मोडली, तिसरीपाशी थांबले आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, ती ठेवायची. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण ती ओळ दोघांनी मिळून संपवली. निघताना बाबांनी माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला: वर्षाला छाटण्या किती? एक, फक्त हिवाळ्यात. बाबा किल्ला बघेपर्यंत तेच बोलत होते. "आपली एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. यांना एकात भागतं. थंडीच काम करते यांचं."

उन्हाळ्यात मळे सोडून वर जंगलात जावं. हाम्बाखच्या किल्ल्यापासून होए लोगच्या डोंगरापर्यंत चढ दमवतो, पण सावली आहे. तिथून पुढे काल्मिट, 673 मीटर, फाल्त्सच्या जंगलातलं सगळ्यात उंच टोक. या डोंगरांत शंभरावर विश्रांतीघरं आहेत, इथे त्यांना 'ह्युट' म्हणतात. त्यातली बरीचशी 1902 साली स्थापन झालेल्या फेल्त्सरवाल्ड-फेराइन या डोंगरभटक्यांच्या संघटनेच्या गावोगावच्या शाखा चालवतात, आणि काउंटरमागची माणसं बहुतेक स्वयंसेवक असतात. आपणच खिडकीतून ताट आणायचं, आपणच परत ठेवायचं, आणि लांब बाकावर अनोळखी लोकांत जाऊन बसायचं. ही प्रथा 2021 मध्ये देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. उकडलेले बटाटे आणि 'वाइसर केझ' मागा. तो अगदी आपल्या चक्क्यासारखा लागतो, वर कांदा आणि हिरवी पात. डाम्फनूडेल, म्हणजे पिठाचा वाफवलेला फुगीर गोळा, तीही मिळते, वाइनच्या गोड रशाबरोबर किंवा बटाट्याच्या सूपबरोबर. रोख पैसे जवळ ठेवा. आणि वार बघून जा, कारण बऱ्याच ह्युट बुधवार, शनिवार, रविवार एवढ्याच उघड्या असतात. शोर्ले, म्हणजे सोडा घातलेली वाइन, इथे अर्ध्या लिटरच्या खळगेदार डुबेग्लासमध्ये येते आणि सोडा नावालाच असतो. शेजारच्या बाकावरचे लोक आपला ग्लास पुढे करतात, एक घोट घ्या म्हणून. मी पहिल्यांदा गोंधळले होते. आता घेते.

आता तक्रारी. गाड्या वेळेवर येतील यावर विसंबू नका. जोडगाडी चुकल्याने नॉयश्टाटच्या फलाटावर मी बरेच तास काढले आहेत. रविवारी संध्याकाळी गावांतल्या बस फार लवकर संपतात. जाताना परतीची शेवटची बस बघूनच निघायचं, नाहीतर स्टेशनपर्यंत अंधारात तासभर चाल. जुलैमध्ये तर मोबाइल बंद पडला आणि तिकीट त्यातच. तपासनीस आला, 60 युरोची दंडाची पावती हातात दिली. नंतर त्या दिवशीचं वैध तिकीट दाखवल्यावर 7 युरोवर सुटले, पण दोन आठवडे डोक्याला ताप होता. पॉवर बँक घ्या किंवा प्लास्टिकचं कार्ड मागवा. सायकल या तिकिटात येत नाही, तिचे नियम त्या-त्या भागाचे पाहावे लागतात. एडेनकोबेनजवळची रीटबुर्गची उघड्या खुर्च्यांची दोरवाट, 1954 सालची, तिचंही तिकीट वेगळं. पण मळ्यांवरून पाय लोंबकळत वर जाणं मी पुन्हा पुन्हा पैसे देऊन करेन. जंगलातून किंवा उंच गवतातून आलात की घरी पाय नीट तपासा. इथली गोचीड बारीक असते आणि तिच्या चाव्यातून खरे आजार होतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात सुंदर. ड्युर्कहाइमचा वुर्स्टमार्क्ट मी एकदा पाहिला, सहाशे वर्षांचा जुना मेळा आहे, पण मला गोंगाट सोसला नाही. त्यापेक्षा आनवाइलरला उतरून ट्रिफेल्स किल्ल्याकडे चढावं. 1193 साली इंग्लंडचा राजा रिचर्ड तिथे कैदेत होता. वाटेत पाचोळ्यात चेस्टनट पडलेले असतात, इथल्या बोलीत 'केश्टे'. खाली गावात नवी, अजून फसफसणारी वाइन मिळते. तिची बाटली घट्ट बंद नसते, पिशवीत आडवी ठेवू नका. तिच्याबरोबर कांद्याचा केक देतात, त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. आणि मळ्यातला घड तोडू नका. कोणाच्या तरी वर्षाची कमाई आहे ती.

63 युरो झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारी तिकीट बंद ठेवावं असं ठरवत होते. पण छाटणी याच महिन्यांत असते. मागच्या शनिवारी डाइडेसहाइमला एक बाई एकट्याच ओळीत काम करत होत्या. त्यांना विचारून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे बाबा मांडवाखाली उभे, डोक्यावर घड लोंबत होते, माल आठ दिवसांत उतरायचा. इकडे नुसत्या काड्या, त्यांवरचे डोळे (जिथून पुढे फूट येते) आणि कडाक्याची थंडी.

"काडी किती डोळ्यांवर ठेवली, विचार."

बाईंनी कात्री बगलेत धरली, हातमोजे घातलेले दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर पसरले. दहा.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "आता जवळून दाखव."