क्लोन ट्यूब ॲम्प घ्यावा का? सांगलीतल्या गिटारवाल्यांसाठी तीन पर्याय शेजारी शेजारी

गिटारवर हात बसला, खिशात चार पैसे खुळखुळायला लागले, की ट्यूब ॲम्पचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा) किडा डोक्यात वळवळतोच. मग तीन वाटा दिसतात. एखाद्या छोट्या बिल्डरने हाताने वायरिंग करून बनवलेला जुन्या ॲम्पचा क्लोन, मोठ्या कंपनीचा तयार ट्यूब कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) किंवा बॉस कटानासारखा मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे ट्यूबशिवाय, डिजिटल पद्धतीने वेगवेगळ्या ॲम्पचे आवाज काढणारा. यावर पुण्या-मुंबईच्या मंडळींनी भरपूर काथ्याकूट केलेला आहे, पण तो बहुतेक सगळा आवाजावर. सांगली-मिरजेत ॲम्प सांभाळायचा म्हणजे इथली वीज, कृष्णाकाठचा पावसाळा, भिंतीपलीकडचे शेजारी आणि दुरुस्ती करणारा माणूस हेही हिशेबात धरावे लागतात. या हिशेबात क्लोन काही ठिकाणी अनपेक्षितपणे पुढे जातो आणि एका ठिकाणी साफ मार खातो.

आधीच सांगतो, माझ्याकडे क्लोन आहे. त्यामुळे माझं माप थोडं त्या बाजूला झुकलं तर तेवढं वजा करून वाचा.

माझा क्लोन ५ई३ सर्किटचा आहे. ५ई३ म्हणजे फेंडरचा १९५५ ते १९६० या काळातला ‘डिलक्स’. आत फक्त पाच ट्यूब: एक १२एवाय७, एक १२एएक्स७, दोन ६व्ही६ आणि रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ५वाय३. दोन व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. रिव्हर्ब (घुमारा) नाही, मास्टर व्हॉल्यूम नाही, हेडफोनचं भोक नाही. तुलनेला कंपनीच्या बाजूने फेंडर ब्लूज ज्युनिअर धरू: १५ वॅट, तीन १२एएक्स७, दोन ईएल८४, बास-मिड-ट्रेबल, मास्टर व्हॉल्यूम आणि स्प्रिंग रिव्हर्ब. तिसऱ्या बाजूला ५० वॅटचा कटाना.

क्लोन म्हटलं की काही जण नाक मुरडतात, जणू ती नक्कल आहे. लिओ फेंडर हा मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. आणि जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानातून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जो जेटीएम४५ ॲम्प बाहेर पडला, तो फेंडरच्या बासमन ॲम्पच्या ५एफ६-ए सर्किटवर बेतलेला होता. आज ज्याला आपण ‘मार्शलचा आवाज’ म्हणतो त्याचा जन्मच क्लोनच्या पोटी झालाय. तेव्हा तो न्यूनगंड सोडा.

आवाज

५ई३ वाजवताना पहिल्यांदा जाणवतं ते असं की ॲम्प बोटांचं ऐकतो. हलका हात मारला तर स्वच्छ, जोरात मारला तर फाटलेला, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की पुन्हा स्वच्छ. पेडलला पाय लावायची गरज पडत नाही. ५वाय३ रेक्टिफायरमुळे जोराचा कॉर्ड मारला की आतलं व्होल्टेज क्षणभर बसतं, सूर दबतो आणि मग फुलत वर येतो. ही गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये अर्धीच कळते, हाताखाली पूर्ण कळते. दोन्ही व्हॉल्यूम एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्या चॅनेलला गिटार लावलेलीच नाही त्याचा नॉब फिरवला तरी आवाज बदलतो. नवख्याला वाटतं ॲम्प बिघडलाय. तो तसाच असतो.

पण त्याची एक ठरलेली चौकट आहे, तिच्याबाहेर तो जात नाही. नॉब तीन-चारच्या पुढे गेला की आवाज फारसा वाढत नाही, फक्त फाटत जातो. हंबकरवाली (दोन कॉइलच्या दणकट पिकअपची) गिटार लावून पूर्ण सोडला तर खालचे सूर भसाभसा होतात. मेटल वाजवणाऱ्याने इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

ब्लूज ज्युनिअर जास्त समजूतदार आहे. टोन हवा तसा वळवता येतो, रिव्हर्ब आहे, मास्टर कमी करून थोडा ड्राइव्ह (फाटलेपणा) घरातही मिळतो. कटानात तर स्वच्छ ‘अकूस्टिक’पासून जोरदार फाटलेल्या ‘ब्राऊन’पर्यंत वेगवेगळे आवाज आणि वर इफेक्ट्सची रास. ऑर्केस्ट्रात एका रात्रीत लावणी, जुनी हिंदी गाणी आणि रॉक वाजवणाऱ्याला त्याच्याशिवाय पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारी

क्लोन मार खातो तो इथे. ‘पंधराच वॅट आहेत हो’ असं दुकानदार म्हणतो. गिटारचा चांगला बारा इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर सुमारे १०० डेसिबल देतो. पंधरा वॅट म्हणजे ११२च्या आसपास. निवासी भागातली कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आणि वॅट निम्मे केले तर आवाज निम्मा होतो हाही गैरसमज. त्याने फक्त ३ डेसिबल कमी होतात. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये ५ई३ त्याच्या खऱ्या आवाजात वाजवणं म्हणजे सोसायटीच्या मीटिंगचा विषय स्वतःहून पुरवणं आहे. गावभागातल्या जुन्या वाड्यात भिंती जाड, पण खिडक्या बोळात उघडतात.

ॲटेन्युएटर नावाचं यंत्र स्पीकर आणि ॲम्पच्या मध्ये लावता येतं. थोडं दाबलं तर छान, फार दाबलं तर आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा होतो, आणि त्याचा खर्च वेगळा. कटानाला अर्ध्या वॅटची सोय आणि हेडफोन आहे. रात्री अकराला सराव करायचा असेल तर वाद संपला. ज्यांच्याकडे शेतातलं घर आहे किंवा कुपवाड एमआयडीसीत एखाद्या मित्राची शेड रविवारी मोकळी मिळते, त्यांनीच पुढे क्लोनचा विचार करावा.

वीज आणि ओल

या भागावर कोणीच लिहीत नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

अमेरिकेहून १२० व्होल्टचा ॲम्प स्वस्तात मिळतोय म्हणून मागवू नका. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो चालतो, पण ६० हर्ट्झपुरताच बेतलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. क्लोनची एक मोठी सोय म्हणजे बिल्डरला आधी सांगून हवा तो ट्रान्सफॉर्मर घालून घेता येतो. तिथे ‘२२० चालेल ना?’ असं त्याने विचारलं तर नाही म्हणा. आपल्याकडे रात्री लोड कमी झाला की प्लगमध्ये २४५सुद्धा दिसतात. २२०च्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या २२० व्होल्टच्या जोडावर) २४५ आले तर ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ऐवजी ७ व्होल्ट मिळतात. सहनशक्ती साधारण दहा टक्क्यांची, म्हणजे ६.९च्या आतली. रोज असं झालं तर ट्यूबचं आयुष्य घटतं. २४० व्होल्टचा टॅप मागा, आणि तासगाव-पलूसकडे घर असेल तर चांगला स्टॅबिलायझरही घ्या. कटाना या बाबतीत बराच सोशीक आहे.

पावसाळ्याचं दुखणं जास्त छुपं आहे. जुन्या फेंडरमध्ये सगळे पार्ट मेण लावलेल्या काळ्या फायबरच्या पट्टीवर बसवलेले असत. ही पट्टी ओल धरते, आणि ओल धरली की तिच्यातून किंचित करंट झिरपतो. मग चरचर, फुसफुस, व्होल्टेज इकडचं तिकडे. जुन्या पद्धतीचे कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टन्सही दमट हवेत किंमत बदलतात. काही बिल्डर ‘अस्सल’ म्हणून हेच दोन्ही कौतुकाने घालतात. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत ठीक आहे. जुलैत जिथे कपाटातले कपडे वास मारतात तिथे ते नको. ग्लास-इपॉक्सीची पट्टी आणि मेटल फिल्म रेझिस्टन्स मागा. आवाजात जो फरक पडतो त्यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात, मला तो कधी ऐकू आला नाही.

आणि नदीकाठच्या भागात राहत असाल तर ॲम्प तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१चे पूर पाहिलेल्यांना हे सांगायला लागू नये. पाण्यात गेलेला कुठलाही ॲम्प वाळवून स्वतः चालू करून बघायचा नाही. क्लोनमधले कंडेन्सर-रेझिस्टन्स बदलता येतात, ट्रान्सफॉर्मरचा मात्र भरवसा संपलेला असतो.

बिघडला तर

माझ्या क्लोनला एका पावसाळ्यात चरचर लागली. मिरजेत जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे नेला. गिटारचा ॲम्प त्यांनी आधी पाहिलेला नव्हता. मागची फळी उघडून त्यांनी झाकणाच्या आत चिकटवलेला सर्किटचा कागद वाचला, १२एएक्स७ पाहून म्हणाले, ‘ही तर ईसीसी८३.’ युरोपात तिला हेच नाव, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ती याच नावाने बनवलेलीही आहे. मग चालू ॲम्पमध्ये डावा हात खिशात घालून, जळून गेलेल्या उदबत्तीची काडी घेऊन ते एकेका पार्टवर हळूच टकटक करत गेले. पहिल्या ट्यूबच्या प्लेटवरच्या १०० किलोओमच्या रेझिस्टन्सला काडी लागली आणि स्पीकरमधून फुटाणे फुटल्यासारखा आवाज आला. पार्ट बदलला, चरचर गेली. पार्टची किंमत सांगायलाही लाज वाटावी इतकी.

हातवायरिंगच्या क्लोनची खरी कमाई ही आहे. साधं सर्किट, मोकळी जागा, प्रत्येक पार्ट डोळ्यांना दिसतो, व्हॉल्व्हचा रेडिओ समजणाऱ्या कोणालाही तो समजतो. कंपनीच्या कॉम्बोत बऱ्याचदा ट्यूबचे सॉकेट सर्किट बोर्डवरच बसवलेले असतात. एक पार्ट बदलायला सगळा बोर्ड सोडवावा लागतो, आणि वॉरंटी असेल तर पुण्या-मुंबईचा रस्ता. मॉडेलिंग ॲम्प सहसा बिघडत नाही, बिघडला तर बोर्ड बदला, बोर्ड मिळाला नाही तर ॲम्प बदला.

मात्र स्वतः हात घालू नका. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये साडेतीनशेच्या आसपास व्होल्ट थांबून राहू शकतात. काका खिशात हात घालतात ते सवयीने नाही. दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जातो.

नियमित खर्च ट्यूबचा. घरी वाजवणाऱ्याला पॉवर ट्यूब काही वर्षं पुरतात, दर आठवड्याला स्टेज करणाऱ्याला लवकर बदलाव्या लागतात. नव्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात, त्यामुळे भाव आणि उपलब्धता खाली-वर होते. एक जादा सेट घरात असलाच पाहिजे. हे झंझट वाटत असेल तर मिरजेच्या सतारमेकरांकडे बघा. २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला तिथला तानपुराही वाजून वाजून जवारी (घोडीवरची तारा टेकण्याची जागा) घासली गेली की कारागिराकडे परत जातो, त्याला कोणी खराब माल म्हणत नाही.

स्टेज आणि पैसा

गणपतीच्या मांडवात साउंडवाला म्हणेल, ‘डायरेक्ट लाईन द्या.’ कटानातून ती देता येते. ५ई३समोर माइक लावावा लागतो, आणि तो माइक नीट ठेवायला वेळ देणारा साउंडवाला भेटणं नशिबाचा भाग. जनरेटरवर अर्थिंग नसेल तर गिटारची तार हातात आणि ओठ माइकला लागले की झटका बसू शकतो, जीवही जाऊ शकतो. ॲम्प कुठलाही असो, वाजवण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघायचा.

किमतीत कटाना सगळ्यात खाली, क्लोन बहुतेक वेळा सगळ्यात वर. बाहेरून मागवलात तर भाडं, कस्टम आणि जीएसटी धरूनच तुलना करा. विकायचा झाला तर कटाना वालचंद कॉलेजच्या होस्टेलवर हातोहात जाईल, क्लोनला गिऱ्हाईक पुण्यात किंवा बंगळूरला शोधावं लागेल.

माझा कौल असा: फ्लॅटमध्ये राहणारा, शिकणारा किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणारा असेल तर कटाना, डोळे झाकून. मोठ्याने वाजवायला जागा आहे आणि एकच आवाज पुरतो, तर क्लोन. कंपनीचा ट्यूब कॉम्बो मी इथे शेवटी ठेवतो. आवाजाचा त्रास ट्यूबचाच, आणि दुरुस्तीला काकांचा उपयोग कमी. रिव्हर्बशिवाय ज्याला करमतच नाही त्याने तेवढ्यासाठी घ्यावा.

क्लोन ठरलाच तर पैसे पाठवण्याआधी बिल्डरशी बोलून घ्या. २४० व्होल्टचा टॅप, तीन पिनांची अर्थिंग (हुबेहूब जुन्यासारखी दोन पिनांची वायर आणि तिच्या जोडीचा चेसिसला लावलेला कंडेन्सर अजिबात नको), पट्टी कशाची, रेझिस्टन्स कसले, स्पीकर किती ओमचा, ट्यूब वेगळ्या गुंडाळून येणार का. सर्किटचा कागद आत चिकटवून द्यायला सांगा, इथला मेकॅनिक त्याच्याच भरवशावर काम करेल. आणि तयार झालेल्या तुमच्याच ॲम्पच्या चेसिसचा आतून काढलेला फोटो मागवा. वेबसाइटवरचा नमुन्याचा फोटो चालवून घेऊ नका. वायरी सरळ आणि आखूड आहेत का, सोल्डर चकचकीत आहे का, फिलामेंटच्या वायरी पीळ घालून कोपऱ्यातून नेल्यात का, एवढं त्यात आपल्यासारख्यालाही दिसतं. फोटो पाठवायला कां कू करणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका.