एन-रोड्स सिम्युलेटर: फुकट आहे, भारी आहे, पण आपला जिल्हा त्यात दिसत नाही

भारताने 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत सांगितलं की 2070 पर्यंत नेट झिरो करू, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच परत काढून घेऊ. हे वाक्य आता शाळेच्या पुस्तकापासून टीव्हीपर्यंत सगळीकडे आहे, पण म्हणजे आधी काय करायचं, नंतर काय करायचं, आणि उशीर झाला तर काय, हे समजावून सांगणारं साधन फार कमी आहे. मी चंद्रपूरला कॉलेजात शिकवतो. वर्गातल्या बऱ्याच पोट्ट्यांचे वडील वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) नाहीतर थर्मलला, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रात, कामाला आहेत, त्यामुळे कोळशाचा विषय आमच्याकडे घरचाच. त्यांच्यासोबत एन-रोड्स वापरलं, म्हणजे कोणता उपाय केला तर जगाचं तापमान किती वाढेल ते दाखवणारं कॉम्प्युटर मॉडेल, त्याचा हा रिव्ह्यू.

क्लायमेट इंटरॅक्टिव्ह नावाची संस्था आणि अमेरिकेतलं एमआयटी स्लोन (एमआयटी विद्यापीठाचं मॅनेजमेंट कॉलेज) यांनी मिळून हे बनवलंय. ब्राउझरमध्ये उघडतं, पैसे लागत नाहीत. वर दोन ग्राफ, खाली स्लायडर. कोळसा, तेल, गॅस, रिन्यूएबल, अणुऊर्जा, कार्बन प्राइस (जेवढा कार्बन सोडाल तेवढे पैसे भरा), गाड्यांचं विद्युतीकरण, जंगलतोड, मिथेन, झाडं लावणं, सगळं आहे. आणखी काहीच केलं नाही तर 2100 पर्यंत तापमानवाढ सुमारे 3.3 अंश दाखवतं, आणि स्लायडर हलवला की आकडा तिथल्या तिथे बदलतो. आमच्या कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवर पण अडकलं नाही.

मजा कुठे येते सांगतो. पोरं सगळ्यात आधी झाडांचा स्लायडर पूर्ण उजवीकडे नेतात, आणि आकडा जेमतेम एखाद दशांश हलतो. वर्ग एकदम गप्प होतो, कारण लहानपणापासून आपल्याला वृक्षारोपण म्हणजेच पर्यावरण असं शिकवलेलं असतं. झाड मोठं व्हायला वर्षं लागतात, जमीन पण प्रचंड लागते, ते मॉडेलने धरलेलं आहे. मग कोळशावर जबर टॅक्स लावतात तर कोळसा कमी होतो पण त्याची काही जागा गॅस घेतो, म्हणजे जेवढं वाचेल वाटलं तेवढं वाचत नाही. नुसती सोलरला सबसिडी दिली तर वीज स्वस्त होते आणि एकूण वापर थोडा वाढतो. कार्बन प्राइस ओढली की मात्र सगळे ग्राफ एकदम हलतात, कारण ती सगळ्याच इंधनांवर लागते, पण त्याच वेळी ऊर्जेच्या खर्चाचा ग्राफ उघडून दाखवाच, तो सुरुवातीला वर जातो आणि तो भार गरिबाच्या घरात आधी पोचतो.

माझ्या मते या टूलची खरी ताकद म्हणजे वेळ. कोळशाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नवीन प्लांट बांधणं कोणत्या वर्षी थांबवायचं ते टाकता येतं. लवकरचं साल टाका आणि मग 2045 टाका, बाकी काही हलवू नका, दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून बघा. एकदा उभा राहिलेला प्लांट तीस-चाळीस वर्षं चालतो, म्हणून आज घेतलेला निर्णय 2060 पर्यंत धूर काढत राहतो. आणि हवेतला कार्बन म्हणजे भरत असलेली टाकी आहे, नळ अर्धा बंद केला तरी पाणी चढतच राहतं, हे मी कितीदा फळ्यावर सांगितलं होतं पण ग्राफवर उत्सर्जन खाली येतंय आणि कार्बन डायऑक्साइड तरी चढतोय हे बघितल्यावरच पोरांच्या डोक्यात बसलं.

आता कमी काय आहे ते. हे पूर्ण जगाचं मॉडेल आहे, भारत वेगळा निघत नाही. प्रत्येक स्लायडरच्या माहितीत समन्यायाचे मुद्दे, म्हणजे कोणाला फायदा आणि कोणावर भार, लिहिलेत, ते चांगले आहेत, वाचाच, पण कोळसा शून्याकडे नेला की घुग्घुस-बल्लारपूरसारख्या आमच्याकडच्या खाणींच्या गावातल्या माणसाचं काय, त्याला कोणी ग्राफ नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने हेच विचारलं, सर यात माणसं कुठे आहेत? मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. चंद्रपूरचं वीज केंद्र 2920 मेगावॅटचं आहे, त्याच्यावर ट्रकवाले, चहावाले, भाड्याच्या खोल्या, सगळं गाव उभं आहे. वीस वर्षं आधी ठरवलं तर आयटीआयचे कोर्स बदलता येतात, नवीन कारखाने आणता येतात, शेवटच्या वर्षी ठरवलं तर फक्त नोटीस हातात येते. धूर आणि मे महिन्याचं ऊन आम्हीच सोसतो, त्यामुळे बदल नको असं इथे कोणी म्हणत नाही, तो आखून करा एवढंच.

भारतापुरतं बघायचं असेल तर नीती आयोगाचं आयईएसएस 2047 (इंडिया एनर्जी सिक्युरिटी सिनॅरिओज) हे असंच टूल आहे, त्याची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. त्यात प्रत्येक क्षेत्राला चार पातळ्यांपैकी एक निवडायची असते, शेतीच्या पंपापासून स्वयंपाकाच्या इंधनापर्यंत. आकडे आपल्या ओळखीचे वाटतात, पण वर्गात चालवायला एन-रोड्स जास्त सोपं आणि पटकन रिझल्ट देणारं.

एन-रोड्सला 5 पैकी 4. शिक्षकांनी घ्यायचं असेल तर स्लायडर स्वतः हलवू नका, पोरांचे गट पाडा, कोणी सरकार, कोणी तेल-कोळसा कंपन्या, कोणी शेती-जंगलवाले, आणि भांडू द्या. क्लायमेट इंटरॅक्टिव्हची अशी भूमिका वाटून खेळायची पद्धत तयारच आहे. आमच्याकडे मी त्यात खाण कामगारांचा एक गट वाढवला आणि सगळ्यात जास्त वेळ त्याच टेबलावर गेला.