ऐकावे जनाचे की यंत्राचे? नव्या डिजिटल उत्पादनाआधी कौल कोणाचा घ्यावा

छोट्या व्यावसायिकांसाठी बिलं बनवण्याचं एक ॲप आहे, असं धरू. त्यात बोलून बिल टाकण्याची सोय आणायची की नाही, हे ठरवायचं आहे. बांधणीत सहा महिने जाणार. निर्णयाआधी कौल घेण्याचे दोन मार्ग समोर आहेत. एक, दोन-तीनशे वापरकर्त्यांना किंवा खुल्या आवाहनातून बाहेरच्या लोकांना विचारायचं. दुसरा, मोठ्या भाषिक मॉडेलकडून (म्हणजे चॅटजीपीटीसारख्या एआयकडून) कल्पना, आक्षेप आणि चक्क 'ग्राहकांची मतं'सुद्धा काढून घ्यायची. पहिल्याला काही आठवडे आणि मोबदला लागतो, दुसरं एका दुपारीत उरकतं. त्यामुळे निवड बहुधा वेगावर होते. आमच्या मते वेग ही इथली सगळ्यात दुय्यम बाब आहे. दोघं नेमकं कुठे चुकतात आणि त्यांच्या चुका एकमेकांना छेदतात की वाढवतात, हे आधी पाहायला हवं.

अनिश्चितता कोणत्या जातीची?

अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी 1921 साली केलेला भेद इथे फार कामाचा आहे. शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि मोजायला आधारच नसतो ती अनिश्चितता. सध्याच्या ग्राहकांपैकी पुढच्या महिन्यात किती जण सोडून जातील, ही जोखीम आहे. मागचा डेटा हाताशी आहे, तेव्हा त्यावर शिकवलेलं साधं भाकीत मॉडेलही माणसांच्या अंदाजापेक्षा सहसा सरस ठरतं. त्यासाठी लोक गोळा करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पण बोलून बिल टाकण्याची सवय लोकांना लागेल का, याला मागचा डेटा नाही. इथे भाषिक मॉडेल आत्मविश्वासाने बोलतं, पण त्या आत्मविश्वासामागे मोजमाप नसतं.

जोखीम समजून घेतलेली गोष्ट अनिश्चितता निघाली की काय होतं, ते झिलो या कंपनीने दाखवून दिलं. अल्गोरिदमच्या किंमत-अंदाजावर घरं विकत घेऊन पुन्हा विकण्याचा व्यवसाय तिने नोव्हेंबर 2021 मध्ये बंद केला. त्याआधीच्या तिमाहीत घरांच्या साठ्याचं मूल्य 30 कोटी डॉलरहून जास्त घटवावं लागलं आणि सुमारे चौथा हिस्सा कर्मचारी कमी करायचं ठरलं. काही महिने पुढचा भाव सांगता येईल, हे गृहीतच टिकलं नाही. बाजाराची चाल बदलली तेव्हा मॉडेल जुन्याच चालीने भाव लावत राहिलं.

शंभर मतं म्हणजे शंभर मतं नव्हेत

समूहाच्या शहाणपणाचं नेहमीचं उदाहरण ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांचं. 1906 साली प्लिमथच्या एका प्रदर्शनात लोकांनी बैलाच्या वजनाचा अंदाज चिठ्ठीवर लिहून दिला होता. 787 वाचनीय चिठ्ठ्यांचा मध्यांक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) 1,207 पौंड आला, खरं वजन 1,198 पौंड होतं. या गोष्टीत एक तपशील नेहमी निसटतो. प्रत्येकाने चिठ्ठी एकट्याने लिहिली होती आणि प्रवेशाचे पैसे भरले होते. हे दोन्ही काढून घेतलं तर समूहाचं शहाणपण फारसं उरत नाही.

साधं सूत्र असं: खऱ्या अर्थाने स्वतंत्र मतं = n ÷ (1 + (n − 1) × r). इथे n म्हणजे मतांची संख्या आणि r म्हणजे चुकांमधला सरासरी परस्परसंबंध (0 म्हणजे प्रत्येकाची चूक वेगळी, 1 म्हणजे सगळे एकसारखेच चुकतात). शंभर माणसांच्या चुकांत r फक्त 0.2 असला तरी उत्तर येतं 4.8. शंभर जणांना विचारलं, पण हाती पाचच मतं लागली. आता एकाच मॉडेलला शंभर वेळा विचारा, हवं तर शंभर वेगवेगळ्या ग्राहकांची सोंगं घ्यायला सांगून. चुकांचं मूळ एकच असल्याने r बराच मोठा राहतो. तो 0.8 धरला तर शंभर उत्तरांचं मोल 1.25 मतांइतकं भरतं. 'आम्ही एआयच्या पाचशे आभासी ग्राहकांवर चाचणी केली' असं सादरीकरणात दिसलं की पहिला प्रश्न 'r किती?' हाच विचारावा.

माणसांचा r वाढतो तो आपल्याच हातांनी. लोरेंझ आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या प्रयोगात, इतरांचे अंदाज दिसू लागताच लोकांची उत्तरं जवळ सरकली आणि खात्री वाढली, पण अचूकता सुधारली नाही. मतदानाचे आकडे उघडे ठेवणारं सूचना-फलक म्हणूनच भाकितासाठी कुचकामी आहे. पहिल्या तासात वर गेलेली सूचना वरच राहते.

विचारण्याची पद्धत, जवळून

'बोलून बिल टाकता आलं तर आवडेल का?' याला जवळपास सगळे 'हो' म्हणतात आणि त्या होकाराला काही किंमत नसते. त्याऐवजी दोन प्रश्न. पहिला मागच्या वागण्याबद्दल: 'गेल्या आठवड्यात हात मोकळे नसल्यामुळे बिल करायचं राहिलं, असं किती वेळा झालं?' दुसरा इतरांबद्दल आणि आकड्यात: 'सोय सुरू झाल्यावर 90 दिवसांनी दर 100 नियमित वापरकर्त्यांपैकी किती जण आठवड्यातून किमान दोनदा ती वापरत असतील?' माणसं स्वतःच्या भविष्याबद्दल आशावादी असतात, शेजाऱ्याबद्दल बरीच अचूक. उत्तरं एकमेकांना दिसू देऊ नका. सरासरीऐवजी मध्यांक घ्या, म्हणजे 'शंभरच्या शंभर' लिहिणारे उत्साही निकाल बिघडवत नाहीत. आणि सगळ्यात मोलाचा रकाना कारणांचा. बिल बोलताना भाव आणि सवलत मोठ्याने उच्चारावी लागते आणि रांगेतला पुढचा ग्राहक ते ऐकतो. काउंटरमागे उभा राहणारा माणूस हे पहिल्याच वाक्यात सांगतो. मॉडेलच्या तीस कारणांच्या यादीत ते आलं तरी सत्ताविसाव्या जागी असतं, आणि त्याचं वजन वाचणाऱ्याला कळत नाही.

मॉडेलला विचारण्याचीही रीत आहे. 'ही माझी कल्पना कशी वाटते?' असं विचारलं की ते सुरात सूर मिसळतं. 'वर्षभरानंतर ही सोय बंद करावी लागली, का?' असं विचारा. दोन पर्यायांत निवड करायला लावलीत तर क्रम उलटून पुन्हा विचारा. काही मॉडेल पहिल्या जागेकडे झुकतात, काही दुसऱ्या, आणि लांब लिहिलेला पर्याय अनेकदा उगाच जिंकतो. दोन्ही क्रमांत टिकलेलीच निवड मोजा. जुन्या घटनांवर मॉडेलची परीक्षा घेत असाल तर त्या घटना त्याच्या प्रशिक्षणानंतरच्या हव्यात, नाहीतर ते भाकीत करत नसतं, आठवत असतं.

कामं समोरासमोर ठेवली तर

| काम | लोकसमूह | एआय |
|---|---|---|
| कल्पनांचा ढीग | सावकाश, पण पसारा रुंद | झटपट आणि चांगल्या दर्जाचा, पण एकाच वळणाचा |
| ढीग निवडणं | माणसं थकतात, शेवटच्या अर्जांना न्याय मिळत नाही | इथेच सर्वाधिक उपयोग |
| मागणीचा अंदाज | प्रश्न नीट असेल तरच | भरपूर जुना डेटा असेल तरच |
| न दिसलेले अडथळे | सर्वोत्तम | यादी देतं, वजन देत नाही |
| गुप्तता | कल्पना बाहेर जाते | करार आणि साठवणुकीच्या अटींवर अवलंबून |

पहिल्या ओळीबद्दल थोडं विस्ताराने. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या संशोधकांच्या 2023 च्या तुलनेत विद्यार्थ्यांच्या कल्पनांपेक्षा जीपीटी-4च्या उत्पादन-कल्पना विकत घेण्याकडे ग्राहकांचा कल सरासरीने जास्त दिसला. सर्वोत्तम 40 पैकी 35 कल्पना मॉडेलच्या होत्या. म्हणजे 'यंत्राला कल्पकता नसते' हे वाक्य आता सोडून द्यायला हवं. नावीन्याच्या गुणांत मात्र माणसं किंचित पुढे राहिली, आणि मॉडेलच्या कल्पना एकमेकींसारख्या होत जातात, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं. प्रतिस्पर्धीही तेच मॉडेल वापरत असेल तर त्याच्याकडेही तीच यादी असणार. वेगळेपणावर धंदा उभा करायचा असेल तर ही मोठी अडचण आहे.

दुसऱ्या ओळीसाठी गूगलची 2008 ची, लोकांकडून कल्पना मागवणारी '10 चा 100 वा घात' ही योजना आठवावी. दीड लाखांहून जास्त सूचना आल्या, त्या चाळायला सुमारे 3,000 कर्मचारी लागले आणि विजेते जाहीर व्हायला 2010 चा सप्टेंबर उजाडला. आवाहन सोपं असतं, वाचणं अवघड असतं, हे अंदाजपत्रक करताना विसरलं जातं. आज तेच गठ्ठे भाषिक मॉडेल काही तासांत गटांत लावतं. धोका एकच, पण गंभीर. चाळणी लावताना ते विचित्र सूचना 'अस्पष्ट' ठरवून खाली ढकलतं, आणि ज्यासाठी लोकांकडे गेलो होतो ती गोष्ट तिथेच पडून राहते. नाकारलेल्यांपैकी दर दहातली एक सूचना चिठ्ठ्या टाकून निवडावी आणि माणसाने वाचावी. त्यात कामाच्या सूचना सापडू लागल्या तर चाळणीचे निकष चुकले आहेत.

स्पर्धा लावण्याचा मोह होत असेल तर नेटफ्लिक्सचा धडा आहे. 2006 मध्ये 10 लाख डॉलरचं बक्षीस जाहीर झालं, अट होती शिफारशींची चूक 10 टक्क्यांनी कमी करण्याची. 2009 मध्ये ती पूर्ण झाली, पण जिंकलेलं अनेक अल्गोरिदमांचं संपूर्ण मिश्रण कंपनीने कधी वापरात आणलं नाही. वाढीव अचूकतेच्या मानाने ते बसवण्याचा खटाटोप परवडणारा नव्हता, आणि दरम्यान व्यवसाय डीव्हीडीकडून स्ट्रीमिंगकडे सरकला होता. पुढची स्पर्धा 2010 मध्ये खासगीपणाच्या आक्षेपांमुळे रद्द झाली. समूह नेमका तोच आकडा सुधारून देतो, जो तुम्ही फलकावर लावता. बसवण्याचा खर्च निकषात नसेल तर तो उत्तरातही नसतो.

दोन्ही वापरायचे तर क्रम चुकवू नका

आधी माणसं, मग मॉडेल, मग पुन्हा माणसं. मॉडेलचा सारांश आधी दाखवला की पुढची सगळी मतं त्याभोवती फिरतात आणि r वाढतो. बिलाच्या सोयीसाठी आम्ही असा आराखडा सुचवू: पहिल्या आठवड्यात 60 ते 80 प्रत्यक्ष वापरकर्त्यांकडून एकमेकांना न दिसणारी उत्तरं, त्यांत किमान 15 जण ॲप सोडून गेलेले. दुसऱ्या आठवड्यात मॉडेलकडून कारणांचे गट आणि सुटलेल्या शक्यतांची यादी. मग त्या यादीतल्या सात-आठ गोष्टी घेऊन नव्या 20 जणांकडे. मॉडेलचा स्वतःचा आकडी अंदाज पाकिटात बंद ठेवावा आणि शेवटी उघडावा. तो माणसांच्या मध्यांकाशी जुळला तर खात्री थोडीच वाढवा. जुळला नाही, तर फरक कुठून आला हे शोधण्यात आठवडा घालवणं सार्थकी लागतं.

पैसे देऊन ऑनलाइन लोक जमवत असाल तर आणखी एक काळजी. 2023 च्या एका अभ्यासात मेकॅनिकल टर्क या ॲमेझॉनच्या ऑनलाइन छोट्या कामांच्या बाजारावरच्या सारांश लिहिण्याच्या कामात 33 ते 46 टक्के कामगारांनी भाषिक मॉडेल वापरल्याचा अंदाज निघाला. आपण माणसांचे पैसे मोजतो आणि मॉडेलचीच मतं परत घेतो. लांब लेखी उत्तरांऐवजी आकडे, छोटी ध्वनिमुद्रणं किंवा स्क्रीनवरची प्रत्यक्ष कृती मागितली की हे बरंच कमी होतं.

निवड कशी करावी

निर्णय मागे घेता येण्यासारखा असेल, म्हणजे बटणाचा मजकूर, मांडणी किंवा किरकोळ सोय, तर लोकांना जमवू नका. मॉडेलकडून चार पर्याय घ्या आणि थेट वापरकर्त्यांवर अ-ब चाचणी लावा, म्हणजे वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा पर्याय दाखवून तुलना करा. पण त्यालाही संख्या लागते. आधीचं प्रमाण 5 टक्के असेल आणि ते 6 टक्के झाल्याचा फरक पकडायचा असेल, तर प्रत्येक बाजूला सुमारे 7,600 माणसं हवीत. तेवढी वर्दळ नसेल तर चाचणीचं नाटक करू नये.

निर्णय मागे फिरवता येणार नसेल, ग्राहक नवा असेल किंवा व्यवहारात विश्वास आणि लाज गुंतलेली असेल, तर माणसांवर खर्च करा, वेळ गेला तरी. आणि लोक व मॉडेल दोघंही 'हो' म्हणत असतील, तरी बांधणीआधी नकली दरवाजा लावा: ॲपमध्ये 'बोलून बिल टाका' असं बटण ठेवा, दाबल्यावर सोय तयार होत असल्याचं स्पष्ट सांगा आणि नाव नोंदवायला द्या. किती टक्क्यांखाली प्रकल्प सोडायचा, तो आकडा बटण लावण्याआधी लिहून ठेवा.

शेवटी वही. प्रत्येक भाकीत टक्क्यात लिहा आणि निकाल लागल्यावर ब्रायर गुण काढा: शक्यता आणि निकाल (घडलं तर 1, नाही तर 0) यांतल्या फरकाचा वर्ग, जितका कमी तितका चांगला. 70 टक्के म्हटलं आणि घडलं तर 0.09, घडलं नाही तर 0.49, आणि सदैव 50 टक्के म्हणणाऱ्याला 0.25. लोकांचा एक रकाना, मॉडेलचा एक, टीमच्या प्रमुखांचा एक. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की आपल्या कामात कोणाचा रकाना 0.25 च्या खाली राहतो याचा अंदाज येऊ लागतो, आणि पुढच्या वेळी कोणाला आधी विचारायचं ते त्यावरून ठरवता येतं.