सोळा महिन्यांनंतर: ४३ इंची टीव्ही, त्याची बॅकलाइट आणि पाठीवरचं लेबल

२०२४ च्या दसऱ्याला आम्ही ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला, २६,९९० रुपयांना. आता त्याला सोळा महिने झालेत. घेण्याआधी मी लोकांचे अनुभव भरपूर वाचले होते, पण बहुतेक आठ-दहा दिवसांच्या वापरावर लिहिलेले. आठ दिवसांत कुठलाही टीव्ही चांगलाच वाटतो. म्हणून मी मुद्दाम थांबले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते त्या एका कंपनीपुरतं नाही.

चित्राबद्दल तक्रार नाही. दिवसा हॉलमध्ये ऊन येतं तरी दिसतं, क्रिकेटला बॉल फाटत नाही. आवाज मात्र पातळ आहे. सासूबाईंना कीर्तनातले शब्द नीट कळेनात, शेवटी वेगळा साउंडबार घ्यावा लागला. पहिले सहा महिने टीव्ही चपळ होता, मग मेनू अडकायला लागला. आत मेमरी कमी आणि आम्ही ॲप भरमसाट टाकलेली. नको ती काढून टाकल्यावर बराच फरक पडला.

अकराव्या महिन्यात, गणपती बसायच्या आधी दोन दिवस, टीव्ही चालू केला तर आवाज येतोय आणि पडदा काळा. मुलाने खोलीतला दिवा बंद केला आणि मोबाइलची टॉर्च पडद्याला अगदी चिकटवून धरली. टॉर्चच्या उजेडात बातम्या देणारीचा चेहरा अंधुक हलताना दिसला. म्हणजे चित्र उमटत होतं, त्याच्या मागचा उजेड गेला होता. तुमच्याकडे असं झालं तर आधी हे करून बघा. टॉर्चमध्ये चित्र दिसलं तर पॅनेल, म्हणजे चित्राची काच, बहुतेक शाबूत आहे, आणि खर्चाचा आकडा एकदम खाली येतो.

तक्रार नोंदवताना पहिला धक्का बसला. फोनवरच्या मुलीने सिरियल नंबर विचारला आणि म्हणाली, वॉरंटी संपली. तिच्या पडद्यावर टीव्ही बनल्याचा महिना दिसत होता, फेब्रुवारी २०२४. आम्ही घेतला ऑक्टोबरमध्ये. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात, हे मला तीनदा फोन करून, बिलाचा फोटो पाठवून पटवून द्यावं लागलं. दुकानातलं ते बिल उष्णतेवर छापलेलं होतं, अकरा महिन्यांत निम्मं उडालेलं. घेतल्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तोच कामी आला.

मग पार्ट यायला १९ दिवस. सगळा गणेशोत्सव टीव्हीशिवाय गेला. सासूबाई एकट्या दुपारी काय करणार, याचा मला खरंच त्रास झाला.

शेवटी सर्व्हिसचा मेकॅनिक आला, पंचविशीचा मुलगा, हाताला हुशार. दिवाणावर धुतलेली चादर अंथरायला सांगितली, टीव्ही पालथा घातला, पाठ उघडली, मग उलटा करून रबरी वाट्या चिकटवून काच उचलली. काच म्हणजे खरंच कागदासारखी पातळ, आम्ही दोघींनी श्वास रोखून धरला होता. तिच्याखाली दुधी प्लास्टिकचे पत्रे, आणि त्याखाली पांढऱ्या तळावर चार पट्ट्या, प्रत्येकीवर आठ-आठ एलईडी, प्रत्येक एलईडीवर बटणाएवढं भिंग. टेस्टर लावत गेला तशा तीन पट्ट्या लखलखल्या, चौथी लागली नाही. भिंग काढून त्याने मला दाखवलं, एका एलईडीच्या मधोमध मोहरीएवढा काळा डाग होता.

"एवढ्याशा एका दिव्यामुळे सगळा पडदा काळा?" मी विचारलं.

"सिरीजमध्ये असतात ना काकू, दिवाळीच्या माळेसारखे. एक उडाला की बाकीच्यांना करंट जात नाही." मग त्याने सेटिंग उघडून बघितलं. "व्हिव्हिडवर कोणी ठेवलाय हा? बॅकलाइट शंभर आहे. घरात एवढी लागत नाही, त्यानेच एलईडी जळतात."

टीव्ही आला तसाच आम्ही वापरत होतो. आता बॅकलाइट ५५ वर आहे आणि संध्याकाळी डोळ्यांनाही बरं वाटतं. चारही पट्ट्या त्याने नव्या टाकल्या, कारण एकच बदलली तर तेवढाच पट्टा जास्त उजळ दिसतो.

पाठ उघडी होती तेव्हा मी तिच्यावरचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. समोर ज्या कंपनीचं नाव आहे, तिने तो बनवलेलाच नव्हता. बनवणारी कंपनी दुसरी, कारखाना दुसऱ्याच राज्यात, आणि विकणारी म्हणून पुन्हा वेगळं नाव. यात फसवणूक काही नाही, सगळं कायद्याने छापलेलं असतं. आपणच पाठ भिंतीकडे करून टांगतो.

आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. सिडकोत टीव्ही सेंटर नावाचा भागच आहे, आणि पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना होता. वडील वाळूजला बजाजमध्ये होते, शेजारचे काका चितेगावला. १९९८ मध्ये आमच्याकडे २१ इंची व्हिडिओकॉन आला तेव्हा काकांनी स्वतः येऊन चॅनेल लावून दिले होते. तो पंधरा वर्षं चालला. मधे दोनदा बिघडला, एकदा ड्राय सोल्डर (सुटलेला टाका) आणि एकदा एलओटी (ट्यूबला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर), दोन्ही वेळा गल्लीतल्या मेकॅनिकने आमच्या समोर बसून दुरुस्त केला. टीव्ही कुठे बनला, कोणी बनवला, बिघडला तर कोणाकडे जायचं, हे सगळं एका बसच्या अंतरावर होतं. याच व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला होता, आमच्या शहराला केवढा अभिमान होता त्याचा! नेमक्या त्याच काळात जग ट्यूब सोडून सपाट पडद्याकडे वळलं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मला अजूनही त्या रस्त्याने जाताना वाईट वाटतं.

आणि आज दुकानात थॉमसन नावाचा टीव्ही मिळतो, तो नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स नाव वापरायच्या परवान्यावर बनवते. कोडॅकचाही तीच. तोशिबाचा टीव्हीचा व्यवसाय २०१८ पासून चीनच्या हायसेन्सकडे आहे. शाओमीसारख्यांचे टीव्ही तिरुपतीला डिक्सन या भारतीय कंपनीच्या कारखान्यात बनू लागले. एलजीचा कारखाना आपल्या पुण्याजवळ रांजणगावला आहे, ओनिडाचा पालघर जिल्ह्यात वाड्याला. ३० जुलै २०२० ला सरकारने रंगीत टीव्हीच्या आयातीवर परवान्याची अट घातली, तेव्हापासून बाहेरून तयार टीव्ही येणं जवळपास आटलं. त्यामुळे जपानी नाव आहे म्हणून जपानमध्ये बनलेला, असं आता जवळजवळ कुठेच राहिलेलं नाही.

पण "भारतात बनला" म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. मी त्या मुलाने उचललेली जी काच म्हणते, ती चित्राची काच, धंद्यात तिला ओपन सेल म्हणतात. टीव्हीच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग तिचा. ती मुख्यतः चीनमधून येते. इथे बॅकलाइट, पाठ, बोर्ड, पॅकिंग असं जुळवतात. सॅमसंगने स्वतःचे एलसीडी पॅनेल, म्हणजे आमच्यासारखे मागून उजेड लागणारे, बनवणं २०२२ मध्ये थांबवलं आणि एलजीने ग्वांगझूचा एलसीडी कारखाना चीनच्या टीसीएलच्या कंपनीला विकला, त्यामुळे मोठ्या नावांच्या एलसीडी टीव्हीतही काच बहुधा चिनीच. ओएलईडीचं वेगळं (त्यात बॅकलाइट नसते, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो), तिथे एलजी अजून स्वतः बनवते आणि इतरांनाही पुरवते. मोठ्या नावाला जास्त पैसे देता तेव्हा ते काचेपेक्षा तपासणी, बॅकलाइटचा दर्जा, सॉफ्टवेअरचे अपडेट आणि सर्व्हिस यांचे असतात. ते पैसे वाया जातात असं मी म्हणणार नाही. माझ्या १९ दिवसांनी मला ते शिकवलंय.

विजेचं एक. आमच्याकडे मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी वीज कडाडते आणि लाइट दहा वेळा जाते-येते. वीज कडाडताना प्लग तर काढायचाच, डिशची केबलही काढायची, कारण झटका सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या वाटेनेही येतो. शेजाऱ्यांचा मदरबोर्ड तसाच गेला, प्लग काढलेला असताना.

गेल्या महिन्यात धाकट्या दिराला ५५ इंची घ्यायचा होता. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणून तो थांबलाच होता. दोन मॉडेल आवडले, किमतीत ९,००० चा फरक. मी दुकानदाराला दोन्ही खोक्यांची लेबलं दाखवायला लावली. दोन्हीवर कारखान्याचा पत्ता एकच निघाला, बनल्याचा महिनाही एकच. दीर लगेच स्वस्तातल्याकडे वळला. मी त्याला म्हटलं, थांब, आधी दोघांच्या सर्व्हिस सेंटरला फोन लाव. महागड्याचं सेंटर जालना रोडवर, बॅकलाइटच्या पट्ट्या ठेवता का विचारलं तर माणूस म्हणाला, नेहमीच्या मॉडेलच्या असतात. स्वस्तातल्याच्या नंबरवर आठ मिनिटं गाणं वाजत राहिलं. आम्ही महागडा घेतला, बिलाचा फोटो दुकानातच काढला, आणि घरी आल्या-आल्या बॅकलाइट ५५ वर केली.