आधी सौर छत की खतखड्डा? इंदूरच्या वस्तीतल्या संस्थांसाठी

शाळा, मराठी मंडळ आणि शेजारची सोसायटी मिळून वस्तीचं कार्बन उत्सर्जन कमी करायला निघाल्या की बैठकीत बहुधा दोन प्रस्ताव येतात: छतावर सौर पॅनल किंवा आवारात खत.

दुसऱ्या शहरात आम्ही आधी खत सुचवलं असतं. ओला कचरा ढिगात हवेविना कुजला की मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवणारा ठरतो. पण इंदुरात देवगुराडियाचा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ पासून ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी (वाहनांत जाळायचा, मुख्यतः मिथेन असलेला वायू) करतो. मिथेन तिथेच अडतो. आवारातल्या खड्ड्याने वाचेल ते मुख्यतः कचरागाडीचं इंधन. शिवाय एका भाग ओल्या कचऱ्याला साधारण दोन भाग सुकी पानं घातली नाहीत, किंवा पावसाळ्यात खड्डा उघडा राहिला, तर आतली हवा कोंडते, वास सुटतो आणि मिथेन आपणच तयार करतो.

सौरचं गणित सरळ आहे. १० किलोवॅटला सुमारे १,००० चौरस फूट सावलीविरहित छत लागतं. वर्षाला १३-१४ हजार युनिट मिळतात. ग्रिडच्या (सार्वजनिक वीजजाळ्याच्या) दर युनिटमागे अंदाजे ०.७ किलो उत्सर्जन धरलं तर वर्षाला नऊ-दहा टन कार्बन डायऑक्साइड टळतो. आमचं मत म्हणूनच सौरच्या बाजूने आहे.

मात्र अनुदान सर्वांना सारखं नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत, पण योजना निवासी ग्राहकांपुरतीच आहे. शाळा आणि मंडळ त्यात बसत नाहीत. मीटर वेगवेगळे, त्यामुळे एका छताची जादा वीज दुसऱ्याच्या बिलात आपोआप वळती होत नाही. एकत्र येण्याचा फायदा खरेदीत आहे: एकच पाहणी, एकच निविदा, एकच देखभाल करार. करारात पॅनल धुण्याची वारंवारता आणि इन्व्हर्टर बंद पडल्यास किती दिवसांत दुरुस्ती, हे लिहून घ्या.

पाहणी डिसेंबरात करावी, तेव्हा सावल्या सर्वांत लांब असतात. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी त्याच्याशी एका तारेत जोडलेल्या सगळ्या पॅनलांचं उत्पादन घटू शकतं. शाळेचं छत मे महिन्यात भरपूर वीज देतं आणि वर्ग रिकामे असतात, म्हणून नेट मीटर (ग्रिडला दिलेली जादा वीज मोजणारा, म्हणजे ती बिलातून वजा होते) बसल्याशिवाय यंत्रणा सुरू करू नका.

खत फक्त झाडांच्या पानांचं करा. ती कोणी पेटवत असेल, तर तेवढ्यापुरता खड्डा निश्चित हवा.