डुकरापासून बनणारे इंजेक्शन आणि दारुल-इफ्तातील दोन फेऱ्या

अब्बांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी एनॉक्सापॅरिनची इंजेक्शने लिहून दिली. हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेल्या हेपारिनपासून बनते, हे कळताच अब्बांनी ते घेण्यास साफ नकार दिला. तेव्हा मी मुंबईतील एका मशिदीला जोडलेल्या दारुल-इफ्तामध्ये, म्हणजे फतवा देणाऱ्या कचेरीत, गेलो.

मुफ्तीसाहेबांनी लगेच परवानगी दिली नाही, हे मला सर्वांत अधिक भावले. दुसरे औषध आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या तयार होणारे औषध मिळते. परंतु अब्बांची मूत्रपिंडे फारच कमकुवत असल्याने ते देता येत नाही, असे डॉक्टरांचे पत्र मी दुसऱ्या दिवशी नेले. त्यानंतरच उत्तर मिळाले. कुराणातील सूरह बकरा या अध्यायाच्या 173व्या आयतीत डुकराचे मांस हराम ठरवले आहे, आणि तेथेच, नाइलाज झालेल्या माणसाने अवज्ञेच्या इच्छेविना व मर्यादा न ओलांडता ते घेतल्यास त्याला पाप लागत नाही, असेही सांगितले आहे. आम्ही कोकणी मुसलमान, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शाफई परंपरेचे. त्यामुळे प्रक्रियेत पदार्थाचे मूळ स्वरूप पालटले की तो शुद्ध होतो, या हनफी परंपरेच्या लोकांना अधिक मोकळ्या असलेल्या वाटेचा आधार न घेता त्यांनी केवळ जरूरतच्या, म्हणजे नाइलाजाच्या, नियमावर उत्तर बेतले. सवलत गरजेपुरतीच असते, म्हणून डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपलीकडे एकही सुई नाही, हेही त्यांनी बजावले. जरूरतने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही, हे सांगताना त्यांनी दिलेले उदाहरण मला विशेष पटले: उपासमारीने जीव जाण्याची वेळ आलेल्याने दुसऱ्याचे अन्न खाल्ले तर गुन्हा नाही, पण किंमत भरून द्यावी लागते.

उणीव एकच, पण मोठी. लेखी फतवा अरबी शब्दांनी जड झालेल्या उर्दूत मिळाला, आणि मराठी शाळेत शिकलेल्या अब्बांना तो मला ओळीओळीने समजावून सांगावा लागला. पहिल्या दिवशी दोन तास ताटकळावेही लागले. शुल्क मात्र काहीच घेतले नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी डॉक्टरांचे पत्र आणि औषधाचे वेष्टन सोबत न्यावे. मी पहिल्या खेपेला ते नेले असते, तर अब्बांचा एक दिवस इंजेक्शनाविना गेला नसता.