काळ्या मातीत स्क्रू पाइल: पोकलेनच्या ऑगर ड्राइव्हचा दहा महिन्यांचा अनुभव

मागच्या दसऱ्याला सांवेर रोडवरच्या आमच्या शेडमध्ये झेंडूची माळ पडली ती सात टनी पोकलेनला बकेटच्या जागी लावायच्या हायड्रॉलिक ऑगर ड्राइव्हच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या मोटरच्या गळ्यात. पोरं त्याला ‘मुंडी’ म्हणतात, मीही आता तेच म्हणतो. दहा महिन्यांत या मुंडीने साधारण नऊशे स्क्रू पाइल, म्हणजे पायाचे लोखंडी खांब, जमिनीत फिरवून घातले, मधल्या रिकाम्या दिवसांत झाडांचे आणि कुंपणाचे खड्डे खणले आणि एकदा तेल ओकलं. देपालपूरच्या एका कामात मी तोंडावर आपटलो, पण तो दोष तिचा नव्हता. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातल्या मुंड्या आतून बऱ्याचशा सारख्याच असतात, आणि आमचं जे बिघडलं ते बहुतेक जोडणीत आणि डोक्यात बिघडलं.

आधी हे घेतलं का, ते सांगतो. आमचा धंदा शेडचा आणि सोलरच्या स्ट्रक्चरचा. इंदूरच्या आसपास पाया खणणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात शेतात भेगा इतक्या पडतात की पान्हा हातातून सुटला तर गेलाच. जुलैत तीच माती फुगून खांब उचलते. काँक्रीटचा पाया घालायचा तर खड्डा, सळ्या, माल, मग पाणी मारत बसा, आणि तोवर शेतकरी रोज फोन करणार की सोयाबीन पेरायचं आहे, तुमचा पसारा कधी उचलता. स्क्रू पाइलमध्ये ही वाट बघणं नाही. तीन इंची पाइप, म्हणजे बाहेरून 89 मिमी, खालच्या टोकाला 300 मिमीचं लोखंडी पातं वेढा घालून वेल्ड केलेलं. लाकडात स्क्रू जातो तसा तो मातीत जातो, आणि गेला की लगेच वर प्लेट बसवून खांब उभा करता येतो. पाइप बारीक असल्यामुळे फुगणाऱ्या मातीला पकडून उचलायला अंगही कमी मिळतं.

कल्पना नवी नाही. आयर्लंडच्या अलेक्झांडर मिचेल या अंध इंजिनिअरने 1833 मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि समुद्रातल्या वाळूवर दीपस्तंभ उभे राहिले ते यावरच. आपल्याकडे मुंबई-बडोदा लाइनीवरचे पहिले पूल 1860 च्या दशकात ओतीव लोखंडाच्या स्क्रू पाइलवर उभारले होते. तेव्हा माणसं आणि जनावरं गोल फिरून पाइल पिळायची, आता तेल पिळतं, एवढाच फरक.

यंत्राचं माप असं. पुस्तकाप्रमाणे 240 बार दाबाला 12,000 न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे टॉर्क. ताकद दाबावर ठरते आणि वेग तेलाच्या प्रवाहावर. आमच्या पोकलेनची लाइन मिनिटाला 60 लिटर तेल देते, त्यात मुंडी मिनिटाला अठरा-एकोणीस फेरे घेते. पाइलसाठी हा वेग बरोबर आहे. मोठ्या मशीनला लावून गरागरा फिरवण्यात शहाणपण नाही, पातं माती कापत जाण्याऐवजी ती घुसळतं. विकणारा ‘फास्ट आहे, फास्ट आहे’ करत होता. पाइलवाल्याला ‘फास्ट’ नको असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

आता जोडणी. इथे आमचे पंधरा दिवस आणि बरेच पैसे गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोकलेनला दगड फोडायच्या ब्रेकरची तेलाची लाइन होती, तेव्हा वाटलं की दोन पाइप जोडले की झालं. पण ब्रेकरची लाइन एकाच दिशेने चालते. तेल जातं आणि परतीचं सरळ टाकीत पडतं. पाइल पिळता आला, उलटा काढता येईना. उलटा फिरत नसेल तर स्क्रू पाइलचा अर्धा फायदा गेला, कारण दगड लागला की वर घेऊन हातभर बाजूला घालायची सोयच नाही. फिटर म्हणाला, होझ अदलाबदल करू. तसं केलं असतं तर पूर्ण दाब परतीच्या फिल्टरवर गेला असता आणि फिल्टर फुटला असता. शेवटी दोन्ही बाजूंनी चालणारा वेगळा व्हॉल्व्ह बसवला, केबिनमध्ये पायाशी पेडल दिलं.

दुसरी चूक केस ड्रेनची. मोटरमधून जे थोडं तेल आतल्या आत झिरपतं, त्याला टाकीत परत जायला एक बारीक तिसरा पाइप लागतो, आणि तो बिनदाबाचा, स्वतंत्र, थेट टाकीपर्यंत जायला हवा. आमच्या फिटरने एक मीटर होझ वाचवायला तो परतीच्या मोठ्या पाइपात टी टाकून जोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाइलवरून काळं तेल ओघळताना दिसलं. मला वाटलं ग्रीस आहे, बोट लावलं तर गरम तेल. परतीचा दाब उलटा मोटरच्या पोटात शिरला होता आणि शाफ्टचं सील बाहेर आलं होतं. सील किट येईपर्यंत अकरा दिवस मशीन उभी. विकताना दिवसाला तीन फोन करणारा माणूस या अकरा दिवसांत दोनदा सापडला. आता एक सील किट कपाटात कायम असतं, सियागंज बाजारात बेअरिंगवाल्याकडून माप जुळवून घेतलेलं. गियरबॉक्सचं तेल पहिल्या 50 तासांनी बदललं, त्यात बारीक चमचम होती. नवीन गियरला तेवढी असतेच. त्यानंतर सीलची तक्रार नाही.

वापरायला मुंडी सोपी आहे, पण ऑपरेटरचा हात बसायला महिना लागला. ती दोन पिनांवर लोंबते, त्यामुळे स्वतःच्या वजनाने ओळंब्यात राहते. तरी पहिला मीटर जाईपर्यंत एक जण लांब उभा राहून दोन बाजूंनी लेव्हल बघतो. फिरत्या पाइलला हात लावायचा नाही, गमछा गळ्यात ठेवायचा नाही, यावर मी कोणाचंही ऐकत नाही. हिंवाळ्यात शाली गुंडाळून येणाऱ्यांवर तर मी ओरडलोच.

पाइलवर खडूने दर 30 सेंटीमीटरला खूण करतो, आणि एक उभी रेघ टोकापासून टोकापर्यंत. पात्याचा आटा 75 मिमीचा आहे, म्हणजे चार फेऱ्यांत पाइल एक खूण खाली गेला पाहिजे. सहा-सात फेरे लागले तर तो जात नाहीये, जागच्या जागी माती घुसळतोय. मग वरून बूमचा दाब वाढवायचा. उभ्या रेघेचा उपयोग वेगळा. महूजवळच्या एका कामात मुरूम कडक होता, ऑपरेटरने पेडल दाबूनच धरलं. थांबल्यावर बघितलं तर सरळ काढलेली रेघ पाइपावर केळीच्या सालीसारखी वळली होती. पाइल गेला नव्हता, पाइप पिळला गेला होता. तो कापून काढला आणि दुसरा घातला.

बेसॉल्टच्या गोट्यांचं सांगतो. आपल्याकडे माती संपते तिथे मुरूम, आणि मुरमात कुठे फुटबॉलएवढा दगड बसला असेल ते देवाला माहीत. ऑपरेटर ओरडतो, “भिया, ये घूम रिया है, जा नी रिया।” अशा वेळी जोर लावण्यात अर्थ नसतो, पात्याचं तोंड वाकतं. उलटा फिरवून काढायचा, त्याच मुंडीला 150 मिमीचं ऑगर, म्हणजे खड्डा खणायचं स्क्रूसारखं पातं, लावून आधी भोक पाडायचं, मग पाइल. हे बदलायला वीस मिनिटं जातात. दिवसाला मोकळ्या मातीत पंचवीस ते तीस पाइल होतात, गोट्यांच्या जागी दहा झाले तरी चहा गोड लागतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

या मुंडीची खरी किंमत तिच्या मीटरमध्ये आहे. जाताना आणि येताना दोन्ही लाइनींवर मी दाबाचे मीटर बसवलेत. दोन्हींतला फरक म्हणजे पाइलवर पडलेला पीळ, आणि पिळावरून भार काढता येतो. आमच्या मुंडीत एका बारला 50 न्यूटन-मीटर. जाताना 150, येताना 15, म्हणजे 135 बार, म्हणजे 6,750. या जाडीच्या पाइपाला मीटरमागे 23 हा आकडा धरतात. गुणाकार केला की साडेपंधरा टन येतात, सुरक्षिततेसाठी निम्मे धरले की पावणेआठ टन. कागदावर इतकं साधं दिसतं की माणूस प्रेमात पडतो. मीही पडलो.

मे महिन्यात देपालपूर रस्त्यावर लसूण ठेवायच्या शेडचं काम होतं. बावीस पाइल, ड्रॉइंगमध्ये खोली साडेतीन मीटर. ऊन असं की पोकलेनच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. पहिला पाइल 1.7 मीटरवर गेला आणि सुई 150 वर. दुसरा तसाच, तिसराही. ऑपरेटर माझ्याकडे बघतो, मी मीटरकडे. आकडा आलाय, अजून कशाला पिळायचं? बावीसच्या बावीस तिथेच थांबवले. वरचे उरलेले तुकडे कापून दुसऱ्या कामाला लावले आणि रात्री घरी बचतीचा हिशेब सांगितला. काका पाटावर बसले होते. आयुष्य पायाच्या कामात गेलेलं. ते एवढंच म्हणाले, “अरे, रुडकीच्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाइल काढले, त्याच्या आयएस 2911 या मानकात खोल काळी माती असेल तर साडेतीन मीटरच्या आत थांबायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. तुझी सुई त्यांच्यापेक्षा शहाणी का?” मी म्हटलं, काका, ते काँक्रीटचं, हे वेगळं. काकांनी वरण वाढून घेतलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात शेतकऱ्याचा फोन. “साहेब, शटर अडकतंय.” गेलो. पावसाच्या झोताकडच्या बाजूचे दोन कोपऱ्यांचे खांब वीस-बावीस मिलीमीटर वर आले होते, मधले तसेच. पत्र्याची रेघ डोळ्यालाही वाकडी दिसत होती.

चार दिवस उघाड मिळाल्यावर खाली फळ्या टाकत मशीन आत नेली. खांबाला टेकू दिला, प्लेट सोडवली, कापलेल्या पाइपाला जोड लावला. जोडाला 8.8 ग्रेडचे बोल्ट, साधे घातले तर भोकं लांबट होतात. मुंडी बसवली आणि पेडल दाबलं. त्याच पाइलवर, 1.7 मीटरवरच, सुई 60 वर. मी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. 60 च. येणारे 15 वजा करा, राहिले 45. म्हणजे मेमध्ये ज्याला मी पावणेआठ टन म्हणत होतो, तो आता अडीच टनांचा होता. पातं तेच होतं, माती ओली झाली होती. उन्हाळ्यात ती विटेसारखी वाळलेली असते आणि सुई त्या वाळलेपणाचाच पीळ दाखवते. त्यात पातं फुगणाऱ्या थरातच बसलेलं, मग माती त्याला उचलणार नाही तर काय करणार. फिरवत गेलो, तीन मीटरच्या पुढे मुरूम लागला, 3.6 वर सुई 170. तिथे थांबलो. बावीसही पाइल असेच खाली नेले, सहा दिवस आणि सगळा खर्च माझा. शेतकऱ्याने जेवायला दाल-बाटी घातली, त्याने आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

मुंडीने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी, त्या मातीत, पीळ तेवढाच होता. मी तो वर्षभराचा समजलो. तेव्हापासून आमच्याकडे खोली आधी आणि सुई नंतर. साडेतीन मीटर किंवा पक्का मुरूम, आणि त्यावर दाबाचा आकडा. ड्रॉइंगपेक्षा आधी आकडा आला तर पाइल कापत नाही. दाब सोसत असेल तर पुढे पिळतो, नाहीतर उलटा काढून ऑगरने वाट करतो. शंका असली की एका पाइलवर जॅक लावून ओढून बघतो. त्यात अर्धा दिवस जातो.

घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना: सोलर, हलक्या शेड, कुंपण, रस्त्याकडेचे बोर्ड असं काम असेल आणि पोकलेन घरची असेल तर घ्या. आमचा खर्च दोन मोसमांत निघेल असं दिसतंय, त्यातही ऑगरच्या खड्ड्यांनी बरंच ओढलं. भाड्याची मशीन आणि रोज नवा ऑपरेटर असेल तर नको. ओल्या काळ्या मातीत ऑगर म्हणजे शिक्षा आहे, दर खड्ड्याला फावड्याने माती खरवडावी लागते, पाइलला तो त्रास नाही. घेताना दुहेरी लाइन आणि केस ड्रेनचा खर्च विक्रेत्याकडून लिहून घ्या, सील किट त्याच दिवशी मागा, आणि मीटर एक नको, दोन.

नोंदवहीत मी आता दाब आणि खोलीच्या शेजारी तिसरा रकाना आखलाय, भेग. ऑपरेटर पाइल उभा करायच्या आधी सळई घेऊन भेगेत घालतो आणि किती गेली ते ओरडून सांगतो. ऑगस्टभर तो रकाना रिकामा आहे. दिवाळीनंतर भरायला लागेल.